खेळाच्या पानावर आश्रमशाळेच्या पोट्ट्यांनाही जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार.

१९१२ मधी अमेरिकेतल्या कार्लाइल या आदिवासी शाळेच्या टीमनं कॉलेज फुटबॉलचा सीझन गाजवला, १२ मॅच जिंकल्या, एकच हरली, एक बरोबरीत, आणि ज्या आर्मीशी त्यांचे बापजादे लढले तिच्याच वेस्ट पॉइंट अकादमीला २७-६ नं हरवलं (तिकडचा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो). त्या शाळेत पोरांचे केस कापायचे, मायबोली बोलू देत नव्हते, हे लय वाईट. पण जिम थॉर्प त्याच टीमचा, त्याच वर्षी ऑलिम्पिकमधी दोन गोल्ड. आमचे मेळघाटातले कोरकू पोट्टे मुरमाड पटांगणात अनवाणी काय पळतात, बॉल उसवला तर शिवून खेळतात, पण त्यांच्या तालुक्याच्या मॅचचा निकाल पेपरात दोन ओळीतही येत नाही. तेवढा तरी छापा.

एक वाचक, धारणी तालुका