घराचं वय आणि पाण्याचा नळ

सॅन फ्रान्सिस्को

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

मी मजेत आहे. आई, परवा फोनवर आवाज बसलेला वाटला तो इथल्या धुक्यामुळे. उगाच काहीबाही मनात आणू नकोस.

बाबा, लाकडी घरात राहते म्हणून तुम्हाला झोप नाही म्हणे. 1967 साली कोयनेच्या भूकंपात पाटणला काय पडलं ते आजीलाच विचारा. दगडमातीच्या भिंती! लाकूड कुरकुरतं, पण तसं धाडकन कोसळत नाही. इथे 18 एप्रिल 1906 ला पहाटे भूकंप झाला, पण शहराचा खरा घास घेतला नंतरच्या आगीने. पाण्याचे मोठे नळ फुटलेले, मग विझवणार कशाने? शेवटी व्हॅन नेस नावाच्या रुंद रस्त्यालगतची घरं सुरुंग लावून उडवली आणि बरीचशी आग तिथे थोपवली. आमची गल्ली त्याच्या पश्चिमेला, म्हणून वाचली. शिवाय पाया आता बोल्ट ठोकून पक्का केलाय. कागद स्वतः पाहिलेत.

घरमालकीणबाईंना या घराचा इतिहास हवाय, त्यामुळे शनिवारी मी लायब्ररीत. (हो, जेवून जाते.) बांधकामाचे जुने परवाने 1906 च्या त्या आगीत सिटी हॉलबरोबर जळाले. मग घराचं वय काढायचं कसं? पाण्यावरून! स्प्रिंग व्हॅली नावाची खाजगी पाणी कंपनी होती, तिच्या नळजोडणीच्या नोंदी शिल्लक राहिल्या. कोणी, कधी जोडणी घेतली ते त्यात सापडतं. मग दरवर्षीच्या डिरेक्टरीत त्या माणसाचा धंदा शोधायचा, आणि विमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबोर्न नकाशे शेजारी ठेवून मागची खोली कधी वाढवली ते पाहायचं. मला यात फार मजा येते.

आता ऐका, इथे घरं उचलून नेतात! सामान नव्हे, घर. फेब्रुवारी 2021 मध्ये फ्रँकलिन स्ट्रीटवरचं 139 वर्षांचं दुमजली घर सहा चौक पलीकडे फुल्टन स्ट्रीटवर नेलं. खाली पोलादी तुळया सरकवायच्या, जॅकने उचलायचं, चाकांवर ठेवायचं आणि वरातीतल्या घोड्यासारखं हळूहळू चालवायचं. आडव्या येणाऱ्या झाडांच्या फांद्या छाटल्या, पार्किंगचे खांब उपटले. खर्च सुमारे 4 लाख डॉलर. त्या जागेवर फ्लॅट बांधायचे होते, आणि जुनं घर पाडायचं नव्हतं. पण 1950-60 च्या दशकांत याच शहराने वेस्टर्न ॲडिशन नावाच्या वस्तीतली अशी हजारो घरं पाडली. त्यांत राहणारे बहुतेक काळे आणि जपानी लोक होते. तेव्हा चाकं का नाही सुचली, असं मी बाईंना विचारलं. त्यांनी चहा ओतला.

पैसे सोमवारी टाकलेत. हॉलचा ॲडव्हान्स आणि आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यात व्हावं. दादूच्या साखरपुड्याला जमत नाही. आत्ता निघाले तर व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकेन, मग लग्नालाही हातात सुट्टी उरणार नाही. त्याला मी समजावलंय. तो 'बरं' म्हणाला, एवढंच.

काकांना घर विकायचंय तर माझी हरकत नाही. मुखत्यारपत्र वकिलातीतून करून पाठवते. फक्त माडीवरच्या ट्रंकेतल्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या रद्दीत घालू देऊ नका. आणि आई, त्या पुण्याच्या मुलाचा नंबर पाठव. बोलेन. नुसतं बोलेन, लगेच पत्रिका काढू नकोस.

तुमची,
मनू