एआरटी केंद्राचे काम एकाच माणसावर नको

संपादक महोदय,

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या गाळप हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. त्यांत एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातून, उपचार घेणारेही असतात. टीएलडी या एकत्रित औषधाची रोज 1 गोळी, म्हणजे महिन्याला 30 गोळ्यांची एक डबी. निघताना 3 महिन्यांची औषधे द्यायची तर 60 जणांना 60 ऐवजी 180 डब्या लागतात. मागणी मागच्या महिन्यांच्या सरासरीने भरली, तर नेमके तेव्हाच कपाट रिकामे होते. हा हिशेब केंद्रातल्या एखाद्या जुन्या कंत्राटी कर्मचाऱ्यालाच ठाऊक असतो. कंत्राट संपले की नवा माणूस पुन्हा सरासरीच लावतो.

रक्तातले विषाणूचे प्रमाण मोजणाऱ्या व्हायरल लोड तपासणीचेही तसेच. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घेतलेले रक्त 24 तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. शनिवारी दुपारी रक्त काढले आणि गाडी सोमवारी आली, तर नमुना बाद. घाबरून अख्खी नळीच फ्रीझरमध्ये ठेवली की पेशी फुटतात, तोही बाद. मग नमुना देणाऱ्या बाईला पुन्हा बोलवायचे. तिचा आणखी एक रोज बुडतो, आणि ती परत येईलच याची खात्री नसते.

क्षयरोग असेल तर चूक जिवावर बेतू शकते. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे टीएलडीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाचे रक्तातले प्रमाण घटते. म्हणून टीएलडीनंतर 12 तासांनी डोल्युटेग्राविरची 50 मिलिग्रॅमची जादा गोळी द्यावी लागते, रिफाम्पिसिन थांबल्यावरही 2 आठवडे. टीबीच्या उपचारांची नोंद एआरटीच्या कार्डावर चढली नाही, तर ही गोळी राहूनच जाते.

सरकार ही औषधे एप्रिल 2004 पासून मोफत देते. कमी पडतात ती तालुक्यातली शिकलेली माणसे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातली एक कायम परिचारिका आणि औषधनिर्माता यांना कंत्राटी कर्मचाऱ्यासोबत पूर्ण महिनाभर बसवावे. मागणीपत्र, नमुन्यांची रवानगी, तारीख चुकवलेल्यांची यादी हे सगळे त्यांनी स्वतःच्या हाताने करावे. एका दिवसाच्या प्रशिक्षणात हे येत नाही.

तोडीला जाणाऱ्यांची यादी सप्टेंबरमध्येच व्हावी. कोणत्या कारखान्यावर जाणार हे विचारून पुढच्या डब्यांसाठी तिथले जवळचे केंद्र ठरवून द्यावे. मात्र हे रुग्णालाच विचारायचे, मुकादमाला कधीही नाही. आजाराची गुप्तता राखणे 2017 च्या कायद्यानेच बंधनकारक आहे.

– एचआयव्ही उपचार क्षेत्रातील कार्यकर्ते, बीड