मुलींना मॅच हवी आहे : ऑस्लोला निघालेल्या आपल्या फुटबॉल संघासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

परळ-लालबागच्या आपल्या मुलींचा १६ वर्षांखालील फुटबॉल संघ येत्या जुलैअखेर नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात 'नॉर्वे कप' ही मुलामुलींची आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा खेळायला जातो आहे. प्रवेश पक्का झालाय, सगळ्यांचे पासपोर्ट हातात आलेत. पैसे मात्र कमी पडताहेत, म्हणून मंडळातर्फे हे आवाहन.

आकडा आधीच सांगून टाकतो. १६ मुली, प्रशिक्षक ताई, त्यांच्या मदतीला एक दादा आणि मुलींसोबत एक आई, असे १९ जण जाणार. विमान, प्रवेश फी, राहणं-जेवण, व्हिसा, विमा आणि किट धरून खर्च २८ लाख ७५ हजार, म्हणजे माणशी साधारण दीड लाख. पालकांनी आपापल्या परीने दिलेले, मंडळाच्या शिलकीतले आणि ओळखीपाळखीतून आलेले मिळून १२ लाख ४० हजार जमलेत. अजून १६ लाख ३५ हजार हवेत.

हा संघ कसा उभा राहिला ते बऱ्याच जणांना ठाऊक नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल होती. मंडळाने गाडी करून चाळीतल्या मुलींना ती दाखवायला नेलं. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. परत येताना वाशीच्या खाडीपुलावर मागच्या सीटवरून एक अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "दादा, आपल्या मैदानात मुलींना बॉल कोण देतं?" गाडीत कुणालाच उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी शाळेचे पीटीचे बूट घालून पाच जणी मैदानात आल्या. त्या पाचातल्या चार आज संघात आहेत.

त्याच विश्वचषकात आपला भारताचा संघ अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला होता. तेव्हा पुष्कळ लोक हसले. आम्ही हसू शकलो नाही, कारण असं का होतं ते आम्ही रोज मैदानात बघतो. आपल्या मुलींना सराव मिळतो, मॅच मिळत नाही. आमच्या पोरी आठवड्यातून चार दिवस घाम गाळतात, पण त्यांच्या वयाच्या मुलींच्या संघाशी खऱ्याखुऱ्या मॅच वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतात. बाकी वेळ त्या मुलांशी खेळतात. त्यात एक अडचण आहे, जी बाहेरून दिसत नाही. मुलगी अंगावर आली की मुलगे पाय काढून घेतात. ते चांगुलपणानेच, लागू नये म्हणून. पण मग आमच्या डिफेंडरला वाटतं की आपण बॉल हिसकावला, आणि खरी मॅच आली की पहिल्या दहा मिनिटांत तिचा सगळा अंदाज चुकतो.

नॉर्वे कपला आठवडाभर त्यांच्याच वयाच्या, त्यांच्यासारख्याच ईर्ष्येने खेळणाऱ्या मुली समोर असतील. गटात हरलं तरी पेटी बांधून बसावं लागत नाही, खालच्या फेऱ्यांमध्ये पुढे खेळायला मिळतं. १९७२ साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून त्यात मुलींचे संघ आहेत. तिथल्या फुटबॉल महासंघाने महिलांच्या फुटबॉलला मान्यता दिली ती त्यानंतर, १९७६ साली. म्हणजे तिथल्या मुलीही मान्यतेची वाट बघत बसल्या नाहीत, आधी खेळायला लागल्या. आपल्या देशाच्या महिला संघानेही जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथे पोचायची ती पहिलीच वेळ.

"एवढ्या पैशात इथेच चार वर्षं टर्फ भाड्याने घेता आलं असतं," असं एका सभासदाने बैठकीत विचारलं. प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यावर दोन बैठका घालवल्या. टर्फवर आणखी सरावच होईल. मॅचचं काय, या प्रश्नाला टर्फ उत्तर देत नाही. शिवाय आमच्यावर विश्वास ठेवून आलेल्या या १६ जणींपैकी बहुतेकींची दहावी झाली आहे किंवा होईल. पुढच्या दोन वर्षांत घरून 'आता पुरे' म्हणतील, हे त्यांनाही कळतं. आत्ता नाही तर या मुलींसाठी कधीच नाही.

कागदपत्रांच्या वेळी एका मुलीच्या जन्मदाखल्यात नावाचा रकानाच रिकामा निघाला. पंधरा वर्षं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. तिची आई पोळीभाजी केंद्रात काम करते. दाखल्यावर नाव लावून घ्यायला तिने तीन दिवसांची रोजी बुडवली. नवा दाखला घेऊन आली तेव्हा मंडळाच्या टेबलावर तो हाताने दोनदा सरळ करून ठेवला आणि म्हणाली, "बघा, आता नाव आहे तिचं." ती मुलगी आमची गोलकीपर. तिच्या ग्लोव्हजची शिवण उसवलीय, नाक्यावरच्या चांभारकाकांनी मेणदोऱ्याने ती दोनदा शिवून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

आणखी एक देणगी सांगायलाच हवी. एके काळी गिरणीतून सुटल्यावर रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेच्या मॅच बघायला कूपरेजच्या मैदानावर जाणारे एक आजोबा आमच्या चाळीत आहेत, वय ८१. त्यांची पेन्शन महिन्याला दोन हजारही नाही. त्यांनी पाचशेची नोट दिली, पावतीवर नाव नीट लिहून घेतलं आणि विचारलं, "बॅक पास दिला तर गोलीला अजून हातात घेता येतो का रे?" आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल गोलीला आता हातात घेता येत नाही, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग पोरीला पायाने खेळायला शिकवा." त्या दिवसापासून ताई तिला रोज वीस मिनिटं पायाने खेळवतात.

पैसे देणं शक्य नसेल तर वस्तू द्या. तिथे संघ शाळांच्या वर्गात जमिनीवर झोपतात, अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं. आपल्याकडे दर शनिवारी गडावर जाणारी मुलं घरोघरी आहेत. तुमच्या स्लीपिंग बॅग आणि कॅरी मॅट दोन आठवडे उसन्या हव्यात, १९ नग. धुऊन, वाळवून परत करू. मोठ्या चाकांच्या बॅगा, ४ ते ६ नंबरचे वापरलेले पण धड स्टड (फुटबॉलचे बूट) आणि नडगीला बांधायचे शिनगार्डही चालतील. काकू-मावश्यांना विनंती : भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या आनंदाने घेऊ, पण तूप, खवा, श्रीखंडाच्या वड्या देऊ नका. बाहेरून दुधा-मांसाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे आणि पोरींच्या डोळ्यांदेखत डबे टाकून द्यावे लागतील.

हिशेबाबद्दल. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल. करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीने देऊ नका, चेकने किंवा ऑनलाइन मंडळाच्या खात्यात भरा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून आम्ही देणगी घेऊ शकत नाही, त्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी मंडळाकडे नाही. त्यांनी मन लावून स्लीपिंग बॅग शोधावी. व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो आहे आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. एखादीचा व्हिसा आला नाही तर तिच्या वाट्याची उरलेली रक्कम मुलींच्या स्थानिक मॅचसाठी वेगळी ठेवू. आल्यावर सगळा हिशेब मंडळाच्या फळ्यावर लावू. बॅनरवर कुणाचाही फोटो येणार नाही, आमचाही नाही.

गणपतीची वर्गणी तुम्ही न मागता देता, हंडीला देता. त्याच हाताने या वर्षी मुलींसाठीही द्या. शंभर रुपये असले तरी द्या, संकोच करू नका.

खजिनदार रोज संध्याकाळी ७ ते ९ मंडळाच्या कार्यालयात बसतील, रविवारी सकाळीही. विमानाची तिकिटं ३१ मेपूर्वी काढायची आहेत, त्यामुळे त्याआधी या. मुलींना बघायचं असेल तर मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार पहाटे साडेपाचला मैदानात या. स्लीपिंग बॅग आणलीत तर आत घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घालायला विसरू नका.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी