मावशीचा खोकला झाकणाऱ्या साउंडवाल्या दादांना

प्रिय दादा,

आषाढी होऊन गेली, पण मावशी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमचंच कौतुक सांगते. त्या दिवशी गर्दीत तुम्ही सामान आवरून निघूनही गेलात आणि नीट बोलणं झालंच नाही, म्हणून हे पत्र.

दिंडीत अभंगाला उभं राहणं मावशीनं सोडूनच दिलं होतं. एक तिचा दमा, दुसरी ती वायर. मिक्सर लोडिंग रिक्षात, मावशी पुढे चालणार, मध्ये वायर धरायला एक मुलगा. रिक्षा जरा अडली की हाताला हिसका. आपल्या इंदूरच्या राजवाड्यापाशी एकदा तिचा पाय त्या वायरीत अडकला, बायकांनी धरली म्हणून वाचली. तुमच्याआधीच्या मंडळींनी काय केलं? एकानं कॉलर माईक लावला, तो पदराला घासून नुसता खरखरत राहिला. दुसऱ्यानं स्वतःचा कॉर्डलेस तिच्या हातात कोंबला. मध्ये गर्दी दाटली की आवाज गायब. तिनं आपला माईक पुढे केला तर म्हणे, "आंटी, वायरवाला अब कौन लेता है?" आणि लोकांत बोलबाला कसला, तर मावशीचा आवाज गेला! हे मला आजही सहन होत नाही.

तुम्ही तिचा तो जाळी चेपलेला माईक हातात घेतलात आणि विचारलंत, "मावशी, याचीच सवय आहे ना? मग हाच राहू दे." वायर लागते तिथे, माईकच्या बुडाला, आवाज बिनवायरीचा पाठवणारा प्लग-ऑन ट्रान्समीटर बसवलात. वायर गेली, माईक तिचाच राहिला. आता हातात जड लागेल, हेही आधीच सांगितलंत. पेटीच्या माईकलाही असंच करा ना, असं मी म्हटल्यावर वैतागला नाहीत. तो कंडेन्सर आहे, त्याला ४८ व्होल्ट लागतात, तुमच्याकडचा ट्रान्समीटर ते देत नाही. मावशीचा डायनॅमिक आहे, त्याला काहीच लागत नाही, असं समजावून सांगितलंत. "हॅलो, चेक" वर न भागवता तिला पूर्ण ताकदीनं "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणायला लावलंत आणि त्या आवाजावर गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ठरवलात. तो आवाज पकडणारा रिसीव्हर रिक्षाच्या टपावर चढवलात, कारण माणसाच्या अंगात पाणी फार, लहरी त्यात जिरतात, म्हणून अँटेना डोक्यांच्या वर हवेत. इतकी वर्षं आवाज का तुटायचा हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच.

पंढरीनाथाच्या मंदिराकडे वळताना भुरभुर सुरू झाली आणि मावशीला खोकला लागला. मी घाबरले. आता तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाणार, आणि ती पुन्हा कधी माईक हातात धरणार नाही. पण स्पीकरमधून आला तो फक्त मृदंग आणि टाळ. तुम्ही तिच्या डाव्या बाजूनं चालत होतात, नजर तिच्या खांद्यावर. खांदा जरा वर उचलला गेला की तुमचा हात वर जायचा आणि रिक्षातला मुलगा मिक्सरवरचा तिचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढायचा. ती सावरून श्वास घ्यायची, तुमचा हात खाली, आणि पुढचं चरण स्पष्ट ऐकू यायचं. टाळकऱ्यांनी तेवढ्यात ध्रुवपद उचललेलं असायचं, त्यामुळे कुणाला काही कळलंही नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, याचे वेगळे पैसेही नव्हते.

रात्री मावशी म्हणाली, "त्या पोरानं माझा खोकला कुणाला ऐकू दिला नाही गं." आणि रडली. सोबत मीही.

भारी सामान इंदुरात पुष्कळांकडे आहे. म्हाताऱ्या बाईच्या खांद्याकडे बघत, पावसात भिजत चालणारा माणूस मात्र मी पहिल्यांदा पाहिला. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा. हे त्यांच्याकडूनच आलं असणार.

कार्तिकीला मावशी उभी राहणार आहे, तिनं भजनी मंडळाला सांगूनही टाकलंय. तो दिवस मोकळा ठेवा. ट्रान्समीटरचं भाडं तुम्ही बिलात धरलंच नव्हतं, या खेपेला धरा. आणि फराळ केल्याशिवाय निघायचं नाही. खिचडी मावशी स्वतः करणार आहे.

तुमची,
मावशीची भाची