मंडळांच्या गेम स्पर्धा: फेरीवार 'बाद' पद्धत निवडा, नियम आधी लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवातल्या रांगोळी, भजन आणि संगीत खुर्चीच्या जोडीला आता मोबाइल गेमची स्पर्धाही लागू लागली आहे. बेळगावात शहापूर-वडगाव-अनगोळपासून खाली खानापूर आणि वर निपाणीपर्यंत मंडळांची पोरं ती हौसेनं भरवतात आणि पुष्कळदा शेवट वादावादीत होतो. मग दोष पोरांना नाहीतर गेमला दिला जातो. या स्पर्धांत पंच म्हणून बसणाऱ्या आम्हा काही जणांचं मत वेगळं आहे. खेळाचा प्रकार चुकीचा निवडला जातो आणि नियम वाद झाल्यावर ठरतात, म्हणून भांडणं होतात.

मंडळं बहुतेक वेळा 'बॅटल रॉयल' (सगळे संघ एकाच मैदानात, शेवटी उरेल तो जिंकला) निवडतात, कारण घरोघरी तोच खेळला जातो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या गेममध्ये इरँगल नकाशावरचा एक सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. चौघांचे १६ संघ घेतले तर ६४ फोन एकाच वेळी, एकाच मांडवात, एकाच टॉवरवर येतात. त्यातला एखादा संघ शेवटपर्यंत गवतात लपून बसला तर खुर्च्यांवर बसलेल्यांना बघायला काहीच उरत नाही. दुसरा लाडका प्रकार 'टीम डेथमॅच'. चार विरुद्ध चार, आधी ४० मारेल तो जिंकला, आणि मेलेला खेळाडू काही क्षणांत परत मैदानात. इथं मरण्याची किंमतच नाही. एक तरबेज पोरगा वीस-पंचवीस जणांना टिपतो आणि बाकी तिघं नावापुरती असतात.

फेरीवार बाद पद्धतीत मात्र मेलेला खेळाडू ती फेरी संपेपर्यंत बाहेर. खो-खोत बाद झालेला गडी मैदानाबाहेर जाऊन बसतो, तसंच. म्हणून प्रत्येक जीव मोलाचा ठरतो, एकट्यानं पुढे धावणारा संघाला बुडवतो आणि दोघांनी मिळून पुढे सरकणारे जिंकतात. पहिला पडला की मागच्यानं एक-दोन सेकंदांत मारणाऱ्याला टिपायचं. हा सौदा जमला तर हिशेब बरोबरीत राहतो, चुकला तर तीन विरुद्ध चार. मांडवातल्या आजोबांनाही हे आकडे कळतात.

साध्या फोनांवर चालणारा पर्याय म्हणजे फ्री फायर मॅक्स या गेममधला 'क्लॅश स्क्वॉड' प्रकार. चार विरुद्ध चार, नेहमीच्या क्रमवारीच्या सामन्यात ७ पैकी ४ फेऱ्या जिंकायच्या, दर फेरीआधी मिळालेल्या पैशांतून बंदूक, हेल्मेट, ग्लू वॉल (आडोशाला झटक्यात उभी करायची भिंत) विकत घ्यायची. सुरक्षित वर्तुळ आवळत येतं, त्यामुळे कुणी कोपऱ्यात दडून फेरी अडवू शकत नाही. मूळ फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रानं बंदी घातली, मॅक्स मात्र चालू राहिला. मूळ गेमची बाहेरून उतरवलेली फाइल घेऊन कुणी आला तर त्याला बसू देऊ नये.

खरी मेख रूमच्या सेटिंगमध्ये आहे. कस्टम रूम (गेममधली फक्त आपल्या सामन्यापुरती खासगी खोली) उघडताना 'गन प्रॉपर्टी' बंद करा. या गेममध्ये विकत घेतलेल्या बंदुकीच्या स्किनमुळे (सजावटीच्या रूपामुळे) मारा वाढतो, गोळ्या लवकर सुटतात. ती चालू राहिली तर ज्याच्या बापानं जास्त रिचार्ज केला त्याचा संघ वरचढ. 'कॅरेक्टर स्किल', म्हणजे निवडलेल्या पात्राची खास ताकद, काही जण चालू ठेवून खेळतात, काही बंद करून. आमचा कल बंदकडे आहे, कारण नव्या खात्यावर चांगली कॅरेक्टर नसतात. गोळ्या अमर्याद ठेवू नका. रूम उघडल्यावर सेटिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून दोन्ही कप्तानांना दाखवा आणि मगच सुरू करा. अर्धे वाद इथंच मिटतात. रूम उघडायला लागणारं गेममधलं रूम कार्ड शिल्लक आहे का आणि सगळ्यांचा अपडेट झाला आहे का, हे आदल्या रात्री बघा. मांडवात आठ फोनांवर एकदम अपडेट उतरवायला बसलात तर तासभर तिथंच गेला.

वेळेचा हिशेब सोपा आहे. १६ संघांच्या, हरला तो संघ बाहेर अशा स्पर्धेत १५ सामने होतात. खेळाडू बसवणं, रूम लावणं आणि खेळ मिळून सामन्याला २० मिनिटं धरा. एका टेबलावर ५ तास लागतात. दोन टेबलं लावली तर पहिल्या फेरीचे चार, दुसरीचे दोन, उपांत्यचा एक आणि अंतिमचा एक असे आठ टप्पे, म्हणजे २ तास ४० मिनिटं. अंतिम सामना तीनपैकी दोन ठेवायचा तर आणखी अर्धा-पाऊण तास. संध्याकाळी साडेपाचला बसलात तर ध्वनिक्षेपकाची रात्री १० ची मर्यादा पाळून बक्षीस वाटपही उरकतं.

नेटबद्दल मोठा गैरसमज आहे. गेमला डेटा थोडाच लागतो. अडवतो तो उशीर, म्हणजे पिंग. आरतीनंतर पाचशे माणसं मांडवात व्हिडिओ चढवू लागली की टॉवर गुदमरतो आणि ४० मिलिसेकंदांवर असलेला पिंग २०० च्या पुढे जातो. समोरचा भिंतीआड गेला तरी त्याला गोळी लागते आणि तो 'हॅक, हॅक' म्हणून ओरडतो. शेजारच्या घरातून किंवा दुकानातून तारेचं ब्रॉडबँड ओढा, राउटर खेळाडूंच्या टेबलापासून दहा फुटांच्या आत आणि ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, पासवर्ड फक्त खेळणाऱ्यांच्या फोनांत घाला. भाद्रपदातल्या पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. नुसता राउटर जोडून डबा विसरला की दिवे लागलेले दिसतात आणि नेट नसतं.

फोन चार्जिंगला लावून खेळू देऊ नका. फोन तापला की प्रोसेसर आपोआप मंदावतो आणि नेमक्या निर्णायक फेरीत चित्र अडकतं. सामन्याआधी किमान निम्मी बॅटरी आणि पाठचं कव्हर काढलेलं असावं. इअरफोन तारेचे, कारण ब्लूटूथमध्ये पावलांचा आवाज उशिरा पोहोचतो. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू आहे का, हे पंचानं स्वतः बघावं. घरून आईचा फोन आला की गेम मागे पडतो आणि पोरगा उभ्या-उभ्या मरतो. टॅब्लेटवर खेळायला आणि फोनला लावायच्या ट्रिगर-बटणांना मनाई असावी.

नेट तुटलं तर काय, हे लिहूनच ठेवावं लागतं, कारण या रूममध्ये फेरी थांबवता येत नाही. आमचा नियम असा: पहिल्या फेरीत कुणी नॉक होण्याआधी (गोळी लागून कोसळण्याआधी) एखादा तुटला तर सगळे बाहेर, नवी रूम. त्यानंतर तुटला तर खेळ चालू, त्यानं गेम परत उघडून आत यावं. वीज जाऊन आठही जण तुटले तर पूर्ण झालेल्या फेऱ्या धरायच्या आणि उरलेल्या नव्या रूममध्ये खेळवायच्या. तिथं दोन्ही संघांचे साठवलेले पैसे जातात, हा तोटा आधीच सांगून ठेवा, नाहीतर वाचवून खेळणारा संघ रास्तपणे चिडतो.

सगळ्यात मोठी गडबड प्रेक्षक करतात. पंचाच्या फोनवरून प्रोजेक्टरवर दोन्ही संघ दिसतात. पडद्यासमोरून 'अरे, मागं आलाय!' अशी एक हाक आली की फेरी गेली. खेळाडूंना समाजमंदिराच्या आतल्या खोलीत बसवा, पडदा बाहेर मांडवात लावा. जागाच नसेल तर खेळाडूंची पाठ पडद्याकडे, कानात इअरफोन आणि ओरडणाऱ्याच्या संघाची ती फेरी बाद. बाद झालेल्यानं जिवंत साथीदाराला सांगणं चालतं, पण त्यानं फक्त आपल्याच संघाचा फोन बघावा. आपल्याकडे संघ मराठी-कन्नड मिश्र असतात, घाईत चार भाषांची भेळ होते. नकाशावरच्या जागांची नावं सरावातच पक्की करा आणि सांगताना आकडा, जागा, जखम एवढंच: 'दोघं, छतावर, एक लो' (म्हणजे एकाचा जीव थोडाच उरलाय).

कॉलेजच्या लॅबमध्ये संगणक असतील तर काउंटर-स्ट्राइक २ घ्यावा. पाच विरुद्ध पाच, एक संघ बॉम्ब लावतो, दुसरा अडवतो; १३ फेऱ्या आधी जिंकणारा विजयी, १२ फेऱ्यांनंतर बाजू बदल. सुरुवातीला प्रत्येकाला खरेदीसाठी खेळातले ८०० डॉलर मिळतात, फेऱ्या हरत गेल्यावर भरपाई १४०० पासून ३४०० पर्यंत चढते. एके-४७ बंदुकीला २७०० लागतात. हे न कळणारा संघ दुसऱ्या फेरीत अर्धवट खरेदी करतो आणि तिसऱ्या फेरीतही कंगाल राहतो. बॉम्ब लावल्यापासून ४० सेकंदांत फुटतो; निकामी करायला १० सेकंद, ४०० डॉलरचं किट असेल तर ५. म्हणून ७ सेकंद उरले असताना किट नसलेला गडी बंदूक वाचवायला पळतो, ते बरोबरच आहे. प्रेक्षक मात्र 'भित्रा' म्हणून हुर्यो उडवतात. समालोचकाला हा हिशेब यायलाच हवा.

आता पैशांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. ई-स्पोर्ट्सला त्यात मान्यता आहे, पण पैसे लावून खेळवण्याच्या गेमना बंदी आहे आणि तसा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संघामागे चारशे घेऊन जमलेली रक्कमच विजेत्याला वाटण्याची इथली पद्धत ताबडतोब थांबवावी. प्रवेश मोफत ठेवा, बक्षीस देणगीदाराकडून घ्या, आणि मांडवाच्या कोपऱ्यात सामन्यावर पैजा लावणाऱ्यांना उठवा. १८ वर्षांखालच्या पोरांसाठी पालकाची लेखी संमती हवी. बीजीएमआय २०२३ मध्ये परतला तेव्हा अल्पवयीनांना दिवसाला ३ तासांची मर्यादा जाहीर झाली होती. तो गेम खेळवणाऱ्यांनी लहान खेळाडूंचा सकाळचा सराव बंदच ठेवावा, नाहीतर अंतिम सामन्याला खातं अडकायचं.

संपादक महाशय, आपल्याकडे एक मागणं. स्थानिक पानावर कबड्डीचा निकाल गुणांसह येतो, या स्पर्धांची मात्र नुसती बक्षीस वाटपाची छायाचित्रं येतात. संघांची नावं आणि ४-२, ४-३ असा फेऱ्यांचा निकाल छापलात तर मंडळांना गुणपत्रक ठेवावं लागेल आणि पंचाच्या सहीशिवाय ते तुमच्याकडे पाठवता येणार नाही.

आपले,
स्पर्धांचे पंच म्हणून काम करणारे काही वाचक, बेळगाव व खानापूर