कार्ट्रिज भरायला आलेल्या भाऊला

भाऊ, त्या गडबडीत तुझं नाव विचारायचं राहून गेलं. पैसेही तू फक्त कार्ट्रिजचेच घेतले. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

अमळनेर तालुक्यातल्या एका जिनिंगवर मी हिशेब लिहितो. हंगामात गेटाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, डाव्या हातात वजनाची काटा चिठ्ठी आणि समोर एक्सेल. नवी फाइल उघडली की अक्षर ११ च्या मापाचं, मुंगीएवढं. कॉलम अरुंद, शेतकऱ्याचं नाव अर्ध्यात कापलेलं. दिवसाची बेरीज ६,८४,२५० असायला हवी, ती दिसे ६८४,२५०. लाख कुठे संपला ते बोटाने मोजायचं. सगळं वाढवून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी नवी फाइल पुन्हा जशीच्या तशी.

दरसाल देखभालीचे पैसे घेणारा आमचा कॉम्प्युटरवाला येऊन गेला होता. त्याने स्क्रीनचं रिझोल्यूशनच उतरवून ठेवलं. अक्षर मोठं झालं, पण असं फिसकटलेलं की ३ आणि ८ सारखेच. तक्रार केली तर म्हणे, "अप्पा, चष्मा बदला." ऑफिसातली पोरं हसली. चष्मा दिवाळीतच बदलला होता रे!

तू कार्ट्रिज बसवून निघालाच होतास. मी मान वर करून स्क्रीन वाचतोय हे पाहिलंस आणि बॅग खाली ठेवलीस. काय केलंस ते थोडंफार समजलं: मनासारखं कोरं पान तयार करून 'बुक' नावाचं टेम्प्लेट, म्हणजे नव्या फाइलचा साचा, म्हणून एक्सेलच्या एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये टाकलंस. एक्सेल उघडताना येणारं पहिलं पानही बंद केलंस, कारण तिथला कोरा चौकोन आपलं टेम्प्लेट सोडून कंपनीचंच उघडतो म्हणे. लाखाचा स्वल्पविराम तर एक्सेलमध्ये नव्हताच, विंडोजच्या 'रीजन' सेटिंगमध्ये निघाला.

पण हे शिकलेल्या कोणालाही जमलं असतं. मला राहून राहून आठवतं ते वेगळंच. मला माझ्याच खुर्चीत बसवलंस, हातात खरी काटा चिठ्ठी दिलीस आणि दर वेळी माप थोडं वाढवून विचारत राहिलास, "अप्पा, तठून तुमले दिसस का?" मी एकदा भिडेखातर "हो" म्हणालो, तर म्हणालास, "मंग वाचा." चिठ्ठी पाहायची, स्क्रीन पाहायची, आकडा मोठ्याने म्हणायचा. मी पुढे झुकायचा थांबलो तेव्हा तू थांबलास. शिवाय मॉनिटरखालच्या दोन जुन्या खतावण्या काढून घेतल्यास. दुभिंगी चष्म्याला स्क्रीन खालीच लागते, हे तुला कोणी सांगितलं होतं?

भाऊ, हुशार माणसं आमच्याकडे पुष्कळ येतात. गाड्या घेऊन येतात, बिलं देऊन जातात. समोरच्याला नेमकं काय दिसतंय हे त्याच्या बाजूने बघायला थांबणारे कमी. तुझ्या घरच्यांनी तुला काय खाऊ घातलं कोण जाणे, पण त्यांनाही माझा रामराम सांग.

आता नवी फाइल उघडते ती मोठ्या अक्षरात, रुंद कॉलमात. जुन्या फायली तू म्हणालास तशा बारीकच उघडतात. त्यांचं काय करायचं ते पुढच्या कार्ट्रिजच्या वेळी पाहू. त्या दिवशी जेवायला थांबावं लागेल, भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. आणि या कामाचे पैसेही घ्यावे लागतील, मालकांना सांगून ठेवलंय.

— जिनिंगवरचे अप्पा