मामा, तो ‘काळोख’ तुमचा

प्रिय मामा,

तुम्ही आता नव्वदीच्या घरात असाल. जिथे तुम्ही शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, हाताने जुळवायचात, तो गिरगावातला छापखाना कधीच गेला आणि तुमचा पत्ता माझ्याकडे कधी नव्हताच. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय.

१९७१ साल. आम्ही कविता लिहिणारी पोरं. संध्याकाळ जहांगीर आर्ट गॅलरीतल्या समोवार कॅफेत एका चहावर काढायची. मग कुठल्यातरी आंटीचा चोरट्या दारूचा अड्डा, कारण दारूचा परवाना कुणाकडेच नसायचा. मग मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर कवितेवरून भांडणं. शेवटची लोकल चुकायची. खरं तर आम्ही ती चुकवायचोच. आणि मग पाय तुमच्या रात्रपाळीकडे वळायचे.

तुम्ही एकदाही हाकललं नाहीत. कागदाच्या रिमांवर झोपायला जागा दिलीत. मालकाला विचारून, मुख्य काम आटोपल्यावर आमचं अनियतकालिक, म्हणजे जमेल तेव्हा निघणारा अंक, जुळवायला घेतलंत आणि पैसे घेतलेत ते फक्त कागदाचे. डाव्या हातात खिळे रचायची स्टिक, उजवा हात न बघता कप्प्यांतून फिरतोय, बोटांची टोकं शिशाने काळी झालेली. मी जागा राहून तेच बघत बसायचो.

एका रात्री तुम्ही थांबलात. म्हणालात, “‘ध’चे खिळे संपले. या ओळीत ‘अंधार’ऐवजी ‘काळोख’ चालेल?” मी चिडलो. कवितेला हात लावायचा म्हणजे काय! तुम्ही शांतपणे ती ओळ दोन्ही शब्द घालून वाचून दाखवलीत. ‘काळोख’च बरोबर होता. ती कविता पुढे संग्रहात आली, लोकांनी नावाजली. त्या शब्दाचं श्रेय मी एकट्याने घेतलं.

तेव्हाचे कवी एकेक करून गेले: अरुण कोलटकर २००४ मध्ये, दिलीप चित्रे २००९ मध्ये, नामदेव ढसाळ २०१४ मध्ये. समोवार २०१५ मध्ये बंद झालं. आता त्या रात्रींबद्दल बोलायला मला बोलावतात. कोण कुठे बसायचं, काय प्यायचं, सगळं विचारतात. पहाटे तीनला आमचं लिखाण खिळ्याखिळ्याने कोण उभं करत होतं, हे कुणी विचारत नाही. मीही आपणहून कधी सांगितलं नाही. पन्नास वर्षं झाली, मामा. याची मला फार लाज वाटते. तुमचे आभार तेव्हाच मानायला हवे होते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर परवा तो अंक काढला. पान उलटं करून बोट फिरवलं, तर खिळ्यांचा उठाव अजून हाताला लागतो. दोन प्रती उरल्यात. एक तुमची आहे. हे पत्र तुमच्या घरातल्या कुणी वाचलं तर कळवा, मी स्वतः घेऊन येतो.

तुमचा,
रिमांवर झोपणारा पोरगा